लेव्हल ११० लावली म्हणजे सर्व्हर २०१२ होत नाही

जळगाव एमआयडीसीतली दालमिल घ्या किंवा रावेरची केळीची पेढी. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर २०१२ (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) आणि त्यावर बिलांचं वेब ॲप्लिकेशन, असा मामला अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र त्याचंच २०२२ चं व्हर्जन. मग डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल ११०, म्हणजे २०१२ ची, केली जाते आणि ‘२०१२ वर टेस्ट झालं’ असं सांगून मोकळं होतात. ते झालेलं नसतं.

व्हर्जन म्हणजे मशीनवर बसवलेलं इंजिन. लेव्हल ही एकेका डेटाबेसची सेटिंग आहे: क्वेरीचे काही नियम आणि प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) काढण्याची पद्धत जुन्या काळची ठेव, एवढंच ती इंजिनाला सांगते. इंजिन २०२२ चंच राहतं. ‘सिलेक्ट @@व्हर्जन’ चालवून बघा, लेव्हल काहीही असो, उत्तरात १६.० दिसेल. खऱ्या २०१२ च्या उत्तरात ११.० असतं.

फसगत होते ती स्ट्रिंग_स्प्लिटमुळे. मजकुराचे तुकडे करणारं हे फंक्शन २०१६ मध्ये आलं आणि त्याला किमान लेव्हल १३० लागते. म्हणून ११० वर ते एरर देतं आणि वाटतं, वा, लेव्हल नवं सगळं अडवते आहे. पण २०१७ चं, ओळींतला मजकूर एकत्र जोडणारं स्ट्रिंग_ॲग कुठल्याही लेव्हलवर चालतं. ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’चंही (टेबल असेल तरच काढ) तसंच. लॅपटॉपवर दोन्ही बिनबोभाट चालतात आणि ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी आडवी येतात. २०१२ साठी स्ट्रिंग_ॲगच्या जागी ‘फॉर एक्सएमएल पाथ’ आणि स्टफ वापरा. टेबल काढण्याआधी ते आहे का हे ऑब्जेक्ट_आयडीने तपासा.

आपल्याकडे त्याहून जास्त जपायची गोष्ट म्हणजे देवनागरी. २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर कसा साठवायचा आणि क्रम कसा लावायचा याची सेटिंग) मिळतं. लॅपटॉपवरच्या डेटाबेसला ते लावलेलं असेल तर व्हारकॅर या साध्या मजकुराच्या कॉलममध्येही ‘केळी’ नीट बसते. २०१२ मध्ये ती सोयच नाही. तिथे नेहमीच्या लॅटिन कोलेशनच्या व्हारकॅरमध्ये ‘केळी’ची चार प्रश्नचिन्हं होतात: क, मात्रा, ळ, वेलांटी, प्रत्येकाचं एक. एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर परत मिळत नाही, शेतकऱ्याचं नाव पुन्हा टाइप करावं लागतं. कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा) हवा आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी N (एन) हवा. दोन्ही हवेत. एकाने भागत नाही.

बॅकअपचा रस्ता एकेरी आहे. २०१२ चा बॅकअप २०२२ वर चढतो, उलटं कधीच होत नाही, लेव्हल ११० असली तरी नाही. लॅपटॉपवर तयार केलेला डेटाबेस ग्राहकाकडे न्यायचा तर मॅनेजमेंट स्टुडिओतल्या ‘जनरेट स्क्रिप्ट्स’मध्ये जाऊन ॲडव्हान्स्डमध्ये सर्व्हर व्हर्जन २०१२ निवडा.

मग टेस्ट करायची कशी? व्हर्च्युअल मशीनवर खरा २०१२ बसवा, सर्व्हिस पॅक ग्राहकाकडे आहे तोच. एडिशनही तीच ठेवा. ग्राहकाकडे एक्सप्रेस ही मोफत एडिशन असेल तर डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, बफरला जेमतेम १ जीबी मेमरी मिळते आणि एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) नसतो. रात्रीचं काम एजंटवर टाकलेलं असेल तर ते तिथे चालणारच नाही, विंडोजच्या टास्क शेड्युलरवर घ्यावं लागेल. ग्राहकाचा बॅकअप या मशीनवर चढवा आणि बिल, वर्षअखेरचा रिपोर्ट, छपाई हे सगळं त्यावरच चालवून बघा. रिकाम्या डेटाबेसवरच्या टेस्टला अर्थ नाही. मशीन नीट लागलं की त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवा, प्रत्येक फेरीआधी तिथेच परत येता येतं.

लेव्हल निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तिचं काम उलट्या दिशेचं आहे. जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर आला की त्याची लेव्हल ११० च राहते, म्हणून क्वेरी पूर्वीसारख्या चालतात. १२० पासून ओळींचा अंदाज काढण्याची पद्धत बदलते आणि काल दहा सेकंदांत येणारा रिपोर्ट रखडू शकतो. ग्राहक २०२२ वर जाणार असेल तर आधी ११० वर आठवडाभर चालू द्या, क्वेरी स्टोअर (क्वेरींचे प्लॅन नोंदवून ठेवणारी सोय) सुरू ठेवा, मग लेव्हल वाढवा. एखादी क्वेरी अडली तर तिचा जुना प्लॅन तिथूनच पक्का करता येतो.