परोपजीवी गांधीलमाशी आणि स्वॅलोटेल फुलपाखरू

टेरोमॅलस प्युपॅरम ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी फुलपाखरांच्या कोषांवर वाढते. पॅपिलिओ प्रजातीच्या फुलपाखरांचे कोषही तिला चालतात. संत्रा, कागदी लिंबू, बेल, बावची अशा झाडांची पाने अळी असताना खाणारे लिंबावरील फुलपाखरू, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस, याच प्रजातीचे आहे. स्वॅलोटेल, म्हणजे शेपटीवाल्या पंखांच्या फुलपाखरांच्या, कुळातील असूनही त्याच्या मागच्या पंखांना शेपटी नसते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मनही तसेच बिनशेपटीचे आहे.

गांधीलमाशी आणि फुलपाखरू या दोन्ही कीटकांत अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चारही अवस्था असतात आणि दोहोंत पिल्लाचे अन्न मादीच निवडते. फुलपाखराची मादी पुढच्या पायांनी पान चाचपून त्याची रासायनिक ओळख पटवते आणि कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. गांधीलमाशीची मादी मात्र कोषात जाण्याच्या बेतात असलेल्या अळीजवळ दबा धरून बसते, कारण नुकत्याच झालेल्या कोषाचे आवरण मऊ असते आणि अंडनलिका त्यातच सहज शिरते. अंड्यांबरोबर सोडलेल्या विषामुळे कोषातील जीवाची प्रतिकारशक्ती दबते. फलित अंड्यांतून माद्या आणि अफलित अंड्यांतून नर जन्मतात.

फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचताच डोक्यामागून उग्र वासाचा दुफाटा अवयव बाहेर काढते. मुंग्यांवर हा उपाय चालतो, पण कोष झाल्यावर तो हाताशी राहत नाही. गांधीलमाशीच्या बिनपायाच्या, पांढुरक्या अळ्यांना असे काहीच संरक्षण लागत नाही, कारण त्या अन्नातच बुडालेल्या असतात. त्यांच्या आतड्याचा मधला भाग मागच्या भागाला वाढ संपत आल्यावरच जोडला जातो, म्हणून ज्या कोषावर पोसायचे तो त्यांच्या विष्ठेने नासत नाही.

एका कोषातून कधीकधी शंभराहून अधिक गांधीलमाश्या भोक पाडून बाहेर येतात. खऱ्या परजीवीपेक्षा ही परोपजीवी गांधीलमाशी निराळी ठरते ती येथेच: गोचीड जनावराला सहसा जिवंत ठेवते, ही आपल्या आश्रयदात्याला संपवूनच प्रौढ होते. त्यामुळे ज्या अळ्यांनी संत्र्याची कोवळी रोपे निष्पर्ण होतात, त्यांच्या शत्रू असलेल्या, कोषावर वाढणाऱ्या गांधीलमाश्यांना बागायतदार मित्रकीटक मानतो, तर घरी अळ्या पाळून फुलपाखराची वाट पाहणाऱ्याच्या हाती पोकळ, भोक पडलेला कोष उरतो.