तांब्याच्या ठोकळ्यातली शिट्टी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच जुना मेसेज पुन्हा फिरत आला: मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या अन्नात ‘किरणं’ शिल्लक राहतात आणि ती पोटात जातात. नाही राहत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? हेही तसंच. बटण बंद झालं की लहरी संपल्या, मागे उरते ती फक्त उष्णता.

त्या मेसेजमुळे मी टेबलावरची एक वस्तू पुन्हा हातात घेतली. भंगारवाल्याकडून आणलेल्या मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, करवतीने मधोमध कापलेला. बाहेर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. आत तांब्याचं नळकांडं, त्याच्या भिंतीपासून मध्याकडे आलेल्या दहा पाकळ्या आणि बरोबर मधोमध तारेचं नाजूक वेटोळं. (घरी हे करू नका. त्या यंत्रातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.) दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरावरची लढाई फिरवली ती या वस्तूच्या पूर्वजाने.

महायुद्धातलं विज्ञान म्हटलं की आपण थेट अणुबॉम्बवर येतो. पण बॉम्ब पडले ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानवर. जर्मनीने त्याआधी मे महिन्यातच शरणागती पत्करली होती. तिथलं पारडं फिरवण्यात बॉम्बचा काही वाटा नव्हता. पूर्व आघाडीवर सोव्हिएत फौजांनी मोजलेली किंमत हा त्या विजयाचा सर्वांत मोठा भाग, तो कुणीही नाकारू नये. पण ब्रिटन तगून राहायचं, अमेरिकेची फौज युरोपात उतरायची, तर अटलांटिक मोकळा हवा होता. मार्च १९४३ या एका महिन्यात जर्मन पाणबुड्यांनी ५ लाख टनांहून अधिक जहाजं बुडवली होती.

त्या काळच्या पाणबुड्या बहुतेक वेळ पाण्यावरच असत. बॅटऱ्या चार्ज करायला डिझेल इंजिन चालवावं लागे, आणि त्याला हवा लागते. म्हणून रात्रीच्या अंधारात त्या वर येत. विमानातून त्या शोधायला रडार हवं. रडार लहर सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं: एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. अडचण होती ती दिशेची. झोत किती अरुंद होईल हे तरंगलांबी आणि अँटेनाची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. सुरुवातीची विमानी रडारं दीड मीटरच्या आसपासच्या लहरी वापरत. १० सेंटिमीटरच्या लहरीला पाऊण मीटरची तबकडी जेवढा अरुंद झोत देते, तेवढाच झोत दीड मीटरच्या लहरीला हवा असेल तर तबकडी अकरा मीटरची लागेल. विमानाला ती बांधणार कुठे?

आखूड लहरी काही नव्या नव्हत्या. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात ठिणग्यांतून मिलिमीटरच्या लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या. नव्हता तो जोर.

तो जोर २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात मिळाला. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात मधोमध एक भोक पाडलं, भोवती सहा लहान भोकं पाडली आणि प्रत्येकाला मधल्या भोकाकडे उघडणारी चीर दिली. पहिल्याच प्रयोगात सुमारे ४०० वॅट मिळाले, तरंगलांबी दहा सेंटिमीटरच्या जरा आत. रँडलला ही कल्पना रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवणाऱ्या हर्ट्झच्या तारेच्या कडीवरून सुचली होती. फट ठेवलेली तीच कडी उभी ताणत नेली की चिरेचं नळकांडं होतं.

आता खरी गंमत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते. सूर ठरतो बाटलीच्या आकारावर, फुंकर फक्त ऊर्जा पुरवते. ठोकळ्यातली प्रत्येक पोकळी अशीच बाटली आहे, फक्त घुमते ती विजेने: चिरेच्या एका काठावर धन, दुसऱ्यावर ऋण, आणि हे सेकंदाला सुमारे तीन अब्ज वेळा उलटसुलट. फुंकर आहे इलेक्ट्रॉनांची. मधल्या तापलेल्या तारेतून, म्हणजे कॅथोडमधून, ते सुटतात, तांब्याकडे ओढले जातात, पण उभं चुंबकीय क्षेत्र त्यांची वाट वाकवतं. सरळ तांब्यावर आदळण्याऐवजी ते कॅथोडभोवती फेर धरतात आणि एकामागून एक चिरांवरून जातात.

चिरेपाशी त्यांची निवड होते. चिरेतली वीज मागे ढकलत असतानाच एखादा इलेक्ट्रॉन आला, तर त्याचा वेग मंदावतो आणि गेलेली ऊर्जा पोकळीला मिळते. वेग कमी म्हणजे चुंबकाचा बाकही कमी, म्हणून तो तांब्याकडे आणखी सरकतो आणि पुढच्या चिरेला पुन्हा ऊर्जा देतो. उलट, ज्याला पोकळीकडून धक्का मिळाला तो वेगावतो, जास्त वाकतो आणि कॅथोडवर परत जाऊन पडतो. देणारे आत राहतात, घेणारे पहिल्याच फेरीत बाद! त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग आपोआप चाकाच्या आऱ्यांसारखा विभागला जातो आणि ते आरे पोकळ्यांच्या घुमण्याशी ताल धरून फिरतात. बाहेरून कुणी ताल देत नाही. मला यापेक्षा देखणी यंत्ररचना माहीत नाही.

पुढच्या काही महिन्यांत लंडनजवळच्या वेम्बलीत एरिक मेगॉ यांनी हे यंत्र विमानात नेण्याजोगं केलं. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटनचं टिझर्ड शिष्टमंडळ त्याचा एक नमुना पत्र्याच्या पेटीतून अमेरिकेला घेऊन गेलं. ब्रिटनकडे कारखाने अपुरे होते, अमेरिकेकडे ते मुबलक होते. तिथल्या एमआयटी या विद्यापीठात या लहरींसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली.

दरम्यान जर्मन पाणबुड्यांवर १९४२ मध्ये रडारच्या लहरी टिपणारा मेटॉक्स नावाचा रिसीव्हर आला होता. दीड मीटरच्या रडारची चाहूल लागली की तो इशारा देई आणि पाणबुडी बुडी मारे. १९४३ च्या वसंतात विमानं दहा सेंटिमीटरवर आली आणि मेटॉक्स मुका झाला. काळोखात पाण्यावर निवांत असलेल्या पाणबुडीवर अचानक विमानाचा प्रखर लाइट पडे, आणि पाठोपाठ बॉम्ब. फुटलेले सांकेतिक संदेश, लांब पल्ल्याची विमानं आणि ताफ्यांच्या रक्षक नौका यांचाही यात वाटा होता. मे महिन्यात जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या आणि २४ मे रोजी ॲडमिरल डोनिट्झ यांनी त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या.

शत्रूला आपला ठावठिकाणा कळतो कसा, हे जर्मन नौदलाला उमगेना. संशय गेला मेटॉक्सवरच: यातूनच काही लहरी झिरपत असाव्यात आणि विमानं त्यांचा माग काढत असावीत. ऑगस्टमध्ये मेटॉक्स बंद ठेवण्याचे हुकूम सुटले. दहा सेंटिमीटरच्या लहरी ऐकणारा नवा रिसीव्हर पाणबुड्यांवर येईपर्यंत शरद ऋतू उजाडला. तो तांब्याचा ठोकळा मात्र फेब्रुवारीतच, रॉटरडॅमजवळ पडलेल्या एका ब्रिटिश बॉम्बर विमानाच्या अवशेषांत, जर्मनांच्या हाती लागला होता.