अपडेट मारल्यावर जुना फोन स्लो का होतो?

म्हापशाच्या बाजारात मोबाईल रिपेअरच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहिलात तर हमखास ऐकू येतं, "अपडेट मारू नको, कंपनी मुद्दाम जुना फोन मारते." यात थोडं तथ्य आहे, पण खरी भानगड बॅटरीची आहे आणि ती इतकी मस्त आहे की जरा सविस्तरच सांगतो.

लिथियम आयन बॅटरी वापरात असताना आतल्या ग्राफाईटवर एक पातळ थर साचत जातो. त्याने क्षमता घटते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आतला रोधही वाढतो, तिकडे कोणाचं लक्षच नसतं. शाळेतला ओहमचा नियम आठवा. समजा बॅटरी ३.६ व्होल्टवर आहे, आतला रोध ०.१ ओहम आणि कॅमेरा उघडल्याबरोबर फोनने एकदम ३ अँपिअर करंट ओढला, तर ०.३ व्होल्ट आतल्या आतच गेले, फोनला ३.३ मिळाले, काम भागलं. तीच बॅटरी जुनी होऊन रोध ०.२५ झाला की ०.७५ व्होल्ट आतच जातात आणि हातात उरतात २.८५. एवढ्यावर सर्किट चालत नाही, फोन बंद! स्क्रीनवर ३० टक्के दिसत असतात आणि ते खोटेही नसतात, चार्ज आत आहे पण एका झटक्यात बाहेर निघत नाही.

ॲपलने २०१७ मध्ये अपडेटमधून नेमका हा झटकाच कमी केला, म्हणजे बॅटरी थकली असेल तर प्रोसेसरचा वेग आवरायचा. इंजिनिअरिंग म्हणून उपाय योग्यच, पण लोकांना धड सांगितलं नाही. बेंचमार्कचे, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे बाहेर आल्यावर डिसेंबरात कबुली दिली, आणि २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड लावला तो ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल. अगदी बरोबर केलं.

तो थर उष्णतेने भराभर वाढतो. मे महिन्यात स्कूटरच्या हँडलला फोन, त्यावर मॅप चालू, वरून चार्जिंग, असं पणजी ते काणकोण केलं की बॅटरीचं आयुष्य कमी होणारच. मग कोणीतरी सांगतं फोन फ्रीजमध्ये ठेव! कृपा करून नको, आपल्या दमट हवेत गार फोन बाहेर काढला की आत दव धरतं. आणि बॅटरी वाचवणारे म्हणून जे स्टिकर विकतात ती शुद्ध फसवणूक आहे.

अँड्रॉइडचं दुखणं वेगळं. चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवलं की फोन बनवणाऱ्याला नवीन व्हर्जन बसवणं जड जातं, मग सिक्युरिटी पॅच बंद होतात आणि हळूहळू बँकेची ॲप चालेनाशी होतात, फोन मात्र ठणठणीत असतो. मला विचाराल तर फोन मारणं म्हणतात ते हे, आणि यावर बॅटरी बदलूनही इलाज नाही.