कोलेस्टेरॉल तपासणी

कोलेस्टेरॉल तपासणी : रक्तातील कोलेस्टेरॉल आणि इतर मेदद्रव्ये मोजून हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज घेणारी रक्तचाचणी. रिपोर्टवर तिचे नाव ‘लिपिड प्रोफाइल’ असते. बोलण्यात ‘लिपिड’ किंवा नुसते ‘कोलेस्टेरॉल केलं’ एवढेच. ठाणे आणि नवी मुंबईत ती महापालिकेच्या रुग्णालयांत होते, नाक्यानाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि घरबसल्याही होते. तुर्भ्याच्या एमआयडीसीत थायरोकेअर या तपासणी कंपनीची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे आणि देशाच्या अनेक भागांतले नमुने तिथे तपासले गेले आहेत. म्हणजे रक्त तपासून घेणे या भागात अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते हातात आलेला कागद नीट वाचणे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि पित्तरस तयार होण्यासाठी शरीराला तो लागतोच, आणि त्याचा बराचसा भाग यकृत स्वतःच बनवते. तो रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात बसून फिरतो. एलडीएल हे वेष्टन कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवते; ते जास्त झाले की रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीच्या, आतल्या थरात शिरून साचू लागते. एचडीएल हे दुसरे वेष्टन कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेण्याच्या कामात भाग घेते. ‘वाईट’ आणि ‘चांगले’ ही नावे यातूनच पडली. मात्र औषधाने एचडीएल मुद्दाम वाढवण्याचे मोठे प्रयोग फसले आहेत, त्यामुळे ‘चांगले भरपूर आहे, मग वाईटाची चिंता नको’ हा हिशेब धरून चालत नाही.

सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजते, थंड पेटी खांद्याला लावलेला लॅबचा मुलगा आत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “काका, उपाशीपोटी आहात ना?” पारंपरिक नियम ९ ते १२ तास काही न खाण्याचा आहे, पाणी चालते, दुधाचा चहा चालत नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल एका जेवणाने फारसे हलत नाहीत, ट्रायग्लिसराइड हे रक्तातले दुसरे मेदद्रव्य मात्र चढते. म्हणून पहिल्या चाळणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती आता सैल झाली आहे. २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी आणि २०२४ मध्ये कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने तसेच सुचवले. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर उपाशीपोटी पुन्हा रक्त देणे योग्य. चहा झाला म्हणून तपासणीच महिनोन्‌महिने पुढे ढकलणारी माणसे पाहिली की हा बदल घरोघरी कळायला हवा असे फार वाटते.

रक्त पिवळ्या किंवा लाल बुचाच्या नळीत घेतात. दंडाला बांधलेला पट्टा काही मिनिटे तसाच राहिला तर रक्तातले पाणी आजूबाजूला झिरपते आणि कोलेस्टेरॉल खोटेच जास्त दिसते. शीर सापडली की पट्टा लगेच सोडणारा हात हा चांगला हात. नळीत रक्त गोठले की ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर सिरम, म्हणजे रक्ताचा पातळ द्रव भाग, येते. एरवी ते गवती पिवळे, नितळ असते. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेल्या माणसाचे सिरम ताकासारखे पांढुरके दिसते. यंत्राने आकडा देण्याआधीच लॅबमधल्या माणसाला काय ते कळलेले असते. पुढे विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने कोलेस्टेरॉलपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, त्यातून गुलाबी रंग उमटतो आणि रंग जितका गडद तितके कोलेस्टेरॉल जास्त.

एलडीएल मात्र बहुतेकदा मोजलेले नसते, हिशेबाने काढलेले असते. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड व सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र असे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही आणि एलडीएल थेट मोजावे लागते. (येथील सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत.)

समजा ऐरोलीतल्या एका गृहस्थांचे एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०. त्यांचे एलडीएल १३६ निघते. शेजारच्या बाईंचेही एकूण २१२ च, पण एचडीएल ७२ आणि ट्रायग्लिसराइड ८०, एलडीएल १२४. दोघांच्याही रिपोर्टवर २१२ हा आकडा ठळक छापलेला असणार. आता एकूणातून फक्त एचडीएल वजा करा : गृहस्थांचे १७४, बाईंचे १४०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रोहिणीत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल त्यात येते आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड ही गृहस्थांची जोडी भारतीयांत फार आढळते, विशेषतः सुटलेले पोट आणि मधुमेह सोबत असताना. एकूण आकडा बेताचा असल्याने ती सहज नजरेतून सुटते.

रिपोर्टच्या उजवीकडे छापलेल्या मर्यादा साधारण अशा : एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० च्या वर. एलडीएलला मात्र सर्वांसाठी एकच मर्यादा लावून भागत नाही. २०२४ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाने ते १०० च्या आत ठेवावे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा जास्त धोका असलेल्याने ७० च्या आत आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने ५५ च्या आत. म्हणजे ९५ हा आकडा धडधाकट तरुणीला ठीक, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या तिच्या वडिलांना जास्त. छापील कागदावर दोघांपुढेही ‘नॉर्मल’च लिहिलेले असते.

ही तपासणी ब्लॉकेज दाखवत नाही. छातीत दुखत असताना लिपिडचा रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. तेव्हा ईसीजी लागतो आणि रुग्णालय लागते. लिपिडचे आकडे पुढच्या वर्षांचा धोका सांगतात, तेही वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घराण्याचा इतिहास यांच्या जोडीने. तंबाखूत मिश्रीही आली. दात घासण्यापुरती म्हणून ती डॉक्टरांना सांगायची राहून जाते. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर तेही सांगावे. आकडा परिस्थितीनेही बदलतो. मोठ्या आजारपणात व झटक्यानंतरच्या दिवसांत तो खाली येतो, गरोदरपणात व थायरॉइड मंदावल्यावर वाढतो. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या आकड्यांतही थोडा फरक पडतोच.

आहाराबद्दल ठाण्याच्या तलावपाळीवर फेऱ्या मारताना जेवढे बोलले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल बोलले जात असेल. तेलाच्या पिशवीवरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द काहीच सांगत नाहीत, कारण कुठल्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतेच. रक्तातले एलडीएल वाढवण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त (सॅच्युरेटेड) आणि ट्रान्स मेदाचा वाटा मोठा. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांतला बांगडा हा चांगला आहार आहे. कोळंबीत कोलेस्टेरॉल असले तरी संपृक्त मेद कमी असतो. ती कशात तळली हे पाहावे. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर २०२२ पासून देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते चांगल्या रिपोर्टनंतर. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटाची गोळी सुरू होते, चार ते बारा आठवड्यांनी फेरतपासणीत एलडीएल उतरते आणि ‘नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद होते. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. ती थांबली की काही आठवड्यांत पूर्वपदावर जातो. अनेक जण तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ समजतात, पण ते काम ॲस्पिरिनसारख्या औषधांचे. स्टॅटिन यकृतातले कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी करते, मग यकृत रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. पेशीवरची ही ओढून घेणारी ग्राहिका (रिसेप्टर) शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एलडीएल सुमारे ३९ ने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

भारतीय सूचनांनुसार पहिली तपासणी अठराव्या वर्षी व्हावी. लायपोप्रोटीन-ए ही वेगळी चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी. हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो, चालण्याने वा पथ्याने फारसा हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. एलडीएल १९० च्या वर असेल, टाचेमागचा स्नायुबंध जाड झाला असेल, तर आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलाची शंका घेऊन भावंडांचेही रक्त तपासतात. अशा घरातल्या मुलांसाठी अठराची वाट पाहत नाहीत. त्यांची तपासणी लहानपणीच होते, आणि गरज पडल्यास आठव्या ते दहाव्या वर्षापासून औषध सुरू केले जाते.