रिगपेक्षा ट्रक वाईट

तेल-वायूच्या विहिरींमुळे पक्षी पळाले म्हटले की दोष जातो घरघरणाऱ्या रिगला, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्राला. सेजग्राउस या पक्ष्याच्या बाबतीत मात्र जास्त उपद्रवी दुसराच निघाला.

कोंबडीहून मोठा असा हा पक्षी अमेरिकेत, वायोमिंगसारख्या राज्यांत, सेजब्रशच्या झुडपाखाली जमिनीवर अंडी घालतो. वसंतातल्या पहाटे नर ठरलेल्या मैदानावर जमतात, छातीवरच्या पिशव्या फुगवून आवाज काढतात आणि माद्या स्वयंवराला आल्यासारख्या फिरून नर निवडतात. हा आवाज बहुतांशी 2000 हर्ट्झच्या खालचा. गंमत म्हणजे तो नराच्या अगदी समोर क्षीण असतो आणि बाजूंना जोरात जातो! रिग आणि ट्रकचा गोंगाटही बराचसा याच पट्ट्यातला. कमी वारंवारितेचा ध्वनी हवेत फारसा शोषला जात नाही, त्यामुळे लांबवर पोहोचतो आणि नराची हाक त्यात बुडते.

पण दोष आवाजाचा, की धूळ, रस्ते, माणसे यांचा? जीवशास्त्रज्ञ गेल पॅट्रिसेली यांच्या गटाने 2006 ते 2008 या काळात मैदानांवर नुसते स्पीकर ठेवले. विहीर नाही, ट्रक नाही, फक्त ध्वनिमुद्रण. ड्रिलिंगच्या आवाजाने नरांची हजेरी 29 टक्क्यांनी घटली, रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजाने 73 टक्क्यांनी. हाक बुडणे एवढेच कारण असते, तर अखंड चालणारी रिग अधिक जाचायला हवी होती. अधूनमधून, अवचित येणाऱ्या आवाजाची सवय होत नसावी, असा याचा एक अर्थ लागतो. गोंगाटातल्या नरांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकाचे अंशही जास्त सापडले.

म्हणून एकाच जागेवरून तिरक्या अनेक विहिरी खोदणे चांगलेच; पण विहिरीतून निघणारे द्रव टँकरऐवजी नळाने नेले तर वर्षानुवर्षांच्या फेऱ्या वाचतात.

वायोमिंगने 2008 पासून महत्त्वाच्या अधिवासांत मैदानाभोवती 0.6 मैल, म्हणजे सुमारे 1 किलोमीटर, बांधकाम रोखले आहे. त्याने मैदानावरचे स्वयंवर वाचेल. माद्या मात्र त्याच्या कितीतरी पलीकडे, अनेकदा 4-5 किलोमीटरवर, घरटी करतात. तिथे भिस्त आहे ती 15 मार्च ते 30 जून या काळातल्या कामबंदीवर आणि चौरस मैलामागे सरासरी एकच ड्रिलिंगची जागा या मर्यादेवर.