'आणि' की 'किंवा' : संख्यारेषेवर रंग कुठं भरायचा?

सोलापूरच्या एसटी स्टँडवर पंढरपूरची गाडी लागली, की तिकिटाचे दोन नियम हमखास कानावर पडतात. ६५ ते ७५ वयाच्यांना हाफ. पाचच्या आतली पोरं आणि पंच्याहत्तरी पूर्ण केलेले फुकट. संयुक्त असमानतेत, म्हणजे 'आणि' किंवा 'किंवा'नं जोडलेल्या दोन असमानतांत, मुलं जिथं गडबडतात ते सगळं यात आलं. (७५ पूर्ण झालेल्यांचा मोफत प्रवास २०२२ पासूनचा. बायकांना २०२३ पासून तसंही हाफ आहे, म्हणून पहिला नियम पुरुषांपुरता धरू.)

वय 'व' मानू. पहिला नियम : व ≥ ६५ आणि व < ७५. दोन्ही अटी एकाच माणसाला एकदम लागू पडायला हव्यात. संख्यारेषेवर ६५ वर भरीव ठिपका (ती संख्या धरायची), कारण पासष्टी पूर्ण झाली की सवलत सुरू. ७५ वर पोकळ वर्तुळ (ती संख्या सोडायची), कारण तिथून फुकट. मधली पट्टी रंगवा. जोडून लिहिलं तर ६५ ≤ व < ७५.

दुसरा नियम सांगताना तोंडात 'आणि' येतो, घोळ तिथंच होतो. पाचच्या आतला आणि पंच्याहत्तरीही गाठलेला प्रवासी कंडक्टरला जन्मात भेटायचा नाही. आपण दोन गट एकत्र करतोय, माणसाला त्यातली एकच अट पुरते. म्हणून गणितात तो 'किंवा' : व < ५ किंवा व ≥ ७५. ५ वर पोकळ वर्तुळ, रंग डावीकडे. ७५ वर भरीव ठिपका, रंग उजवीकडे. मधला भाग कोरा. वय ऋण नसतं, त्यामुळं डावीकडचा रंग शून्यापाशी थांबवा. नुसतं क्ष < ५ असतं तर बाण तसाच पुढं गेला असता.

हेच कुणी ७५ ≤ व < ५ असं जोडून लिहिलं, तर ७५ हे ५ पेक्षा लहान ठरतं! अशी एकही संख्या नाही. उत्तर रिक्त संच.

संच शिकलेल्यांसाठी : 'आणि' म्हणजे छेद, 'किंवा' म्हणजे संयोग. पण "आणि म्हटलं की मधली पट्टी" असं पाठ करू नका, ते फसवं आहे. क्ष > ३ आणि क्ष > ७ याचं उत्तर नुसतं क्ष > ७, पट्टी नाहीच. आता क्ष < ७ किंवा क्ष > ३ काढून बघा : कोरं काहीच उरत नाही, अख्खी रेषा रंगते. दोन्ही अटी आधी वेगवेगळ्या रेषांवर, एकाखाली एक काढा. 'आणि'ला दोन्हीकडे रंग असलेला भाग घ्या, 'किंवा'ला कुठल्याही एकीवर रंग असलेला.