फाइंडरमध्ये शनी, आयपीसमध्ये काळोख

शनी नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतोय, फाइंडरच्या, म्हणजे मुख्य नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या, क्रॉसवायरवर नेमका बसलाय आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मात्र काहीच नाही. नवी दुर्बीण घेतलेले कितीतरी जण इथेच हात टेकतात आणि दुर्बीण माळ्यावर जाऊन पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यंत्रात बहुतेक वेळा खोट नसते. फाइंडर, आरसे आणि माउंट (दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा आधार) यांचे अक्ष जुळवायचे राहिलेले असतात. प्रत्येकाची चूक वेगळी दिसते. ती ओळखता आली नाही, तर भलताच स्क्रू पिळण्यात रात्र जाते.

फाइंडरचंच बघा. 1200 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 10 मिमीचा आयपीस लावला की वर्धन 120 पट होतं आणि साध्या आयपीसमधून आकाशाचा जेमतेम 25 कलांचा तुकडा दिसतो (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेचा चंद्रही त्यात पुरता मावत नाही. उलट 6 पट वर्धनाच्या फाइंडरमध्ये सुमारे 7 अंश आकाश दिसतं. त्यामुळे फाइंडर अर्धा अंश जरी कललेला असला, तरी त्यात मधोमध दिसणारा ग्रह आयपीसच्या हद्दीबाहेर असतो. त्यात पृथ्वी फिरतेच आहे. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो, म्हणजे 25 कलांचं हे दृश्यक्षेत्र तो 100 सेकंदांत ओलांडतो. अंधारात स्क्रू चाचपडेपर्यंत तो निघूनही जातो.

म्हणून हे काम दिवसाउजेडी उरकावं. किलोमीटरभर लांबच्या मनोऱ्याचं टोक आधी 25 मिमीच्या आणि मग 10 मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणायचं आणि फाइंडर त्यावर बसवायचा. जवळची वस्तू घेऊ नये. फाइंडर मुख्य नळीच्या अक्षापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर 50 मीटरवरच्या खांबावर जुळवल्याने 10 कलांची चूक शिल्लक राहते आणि रात्री ग्रह दृश्यक्षेत्राच्या काठावर जातो. किलोमीटरवर हीच चूक अर्ध्या कलेवर येते. मात्र दुर्बीण सूर्याच्या आसपासही वळवू नका. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, याला लोक सर्वांत जास्त घाबरतात. न्यूटोनियन, म्हणजे दोन आरशांच्या, दुर्बिणीत आधी नळीच्या तोंडाजवळचा छोटा दुय्यम आरसा फोकसरखाली (आयपीस बसवायच्या नळीखाली) मधोमध आणून नीट कलवायचा आणि मगच तळाच्या प्रमुख आरशाच्या स्क्रूंना हात लावायचा. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. एफ/8 दुर्बिणीत (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या 8 पट) कोमा, म्हणजे ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटणं, जाणवत नाही असं मधलं क्षेत्र सुमारे 11 मिमी रुंद असतं, एफ/5 मध्ये ते 3 मिमीच्याही आत येतं. त्यामुळे आखूड नळीच्या दुर्बिणीत जुळणी फार काटेकोर लागते. जुळणीसाठी लेझर वापरत असाल तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून पाहा. ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर. उत्तर गोलार्धात त्यासाठी ध्रुवतारा उत्तम, तो फारसा हलत नाही. जास्त वर्धनाने तो मधोमध घ्या आणि फोकस किंचित बिघडवा. पसरलेल्या ताऱ्यातली कडी एककेंद्री दिसली की झालं. एका बाजूला सरकलेली असतील तर प्रमुख आरशाचा एक स्क्रू अगदी थोडा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, मग बघा. लॉक करणारे स्क्रू घट्ट करतानाही आरसा हलतो, म्हणून त्यानंतर पुन्हा एकदा तपासावं.

विषुववृत्तीय माउंटबद्दल, म्हणजे ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात त्याबद्दल, माझं मत ठाम आहे: नुसतं बघायचं असेल तर पहिली दुर्बीण डॉब्सोनियनच, म्हणजे वर-खाली आणि आडवी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरचीच, घ्यावी. विषुववृत्तीय माउंट असलाच, तर त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला की पुरे. तो तारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे 40 कला दूर आहे, पण डोळ्यांनी बघताना तेवढी चूक चालते. लांब एक्स्पोजरचे फोटो काढताना चालत नाही.

आणखी एक गोष्ट विनाकारण छळते. घरातून नुकत्याच बाहेर आणलेल्या आरशाची ऊब नळीतली हवा ढवळत राहते आणि प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. त्यालाच कोलिमेशन बिघडलं समजून लोक स्क्रू पिळतात. जुळणी बिघडली असेल तर मधोमध घेतलेल्या ताऱ्याची शेपटी कायम एकाच दिशेला राहते. उष्ण हवेमुळे प्रतिमेचा आकार सारखा बदलत असतो. तसं दिसलं तर स्क्रू सोडा आणि तासभर आरसा थंड होऊ द्या.